ब्रेकचें तेल सादळतें

पावसाळा तोंडावर आला कीं घरोघरच्या वडील स्त्रिया पापडांचे डबे घट्ट लावून ठेवतात, आणि मिठाच्या बरणीचें झांकण उघडें राहिलें तर सुनांस हटकतात. पापड सादळतात व मीठ पाझरतें, हें घरांतील लहान पोरासही ठाऊक असतें. परंतु अंगणांत उभ्या असलेल्या मोटारींतही सादळणारा एक पदार्थ आहे, आणि तो सादळला तर हानि पापडांची नव्हे, माणसांची होते, ही गोष्ट वयाचीं पासष्ट वर्षें उलटेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हती. ती ज्या रीतीनें कळली ती रीत कोणाही वाचकाच्या वांट्यास येऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब कुलदेवतेच्या दर्शनास गुहागरास निघालों. आमचें राहणें साताऱ्यास. उंब्रज, पाटण, कोयनानगर या मार्गानें जाऊन कुंभार्ली घाट उतरावयाचा आणि चिपळुणावरून गुहागर गांठावयाचें, असा बेत होता. मोटार आठ वर्षांची. आंत आम्ही उभयतां, आमच्या वृद्ध वहिनी, ज्येष्ठ चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडें अशीं सात माणसें, टपावर सामान. मोटार चिरंजीव हांकीत होते.

घाटाचा निम्मा उतार संपतो न संपतो तोंच चिरंजीवांचा चेहरा बदललेला आम्हीं पाहिला. त्यांचा पाय वरचेवर ब्रेकचें पेडल दाबीत होता. मुलांच्या कानीं जाऊं नये अशा बेतानें ते म्हणाले, “अप्पा, ब्रेक खालीं जातोय. लागत नाहीं.” आमच्या तोंडून शब्द फुटेना. मागच्या बाकावरून सूनबाई मात्र शांतपणें म्हणाल्या, “अहो, आधीं गियर खालीं घ्या. दुसरा घ्या. मग हँडब्रेक ओढा, पण एकदम नको.” चिरंजीवांनीं तसें केलें. इंजिन मोठ्यानें ओरडलें, वेग उतरला, आणि डोंगराकडील चरींत एक चाक घालून मोटार कशीबशी उभी राहिली. दरीची बाजू आमच्यापासून दहा-बारा पावलांवर होती. वहिनींचा जप चालूच होता. बाकी सारीं स्तब्ध होतीं.

पुढें नवल असें कीं, अर्ध्या-पाऊण तासानें पेडल दाबून पाहतों तों तें पूर्वीसारखें घट्ट! कोठें गळती नाहीं, कांहीं तुटलेलें नाहीं. पहिल्या गियरमध्यें, पायीं चालणाराही पुढें जाईल अशा चालीनें आम्ही खालीं उतरलों. चिपळुणांतील एका मेकॅनिकानें ब्रेकच्या टाकीचें झांकण उघडलें, आंत कापडाचें टोंक बुडवून तें आमच्यासमोर धरलें, आणि विचारलें, “काका, हें तेल कधीं बदललं होतं?” कापडावरचा रंग उकळलेल्या चहासारखा होता. उत्तर कोणाजवळच नव्हतें.

घरीं परतल्यावर आम्हीं आमची वही काढली. मोटार आल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती तपासण्याचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें होतें. चाकांतील हवा, इंजिनाचें तेल, पाणी, आणि शेवटच्या रकान्यांत ब्रेक ऑइल. आठ वर्षांच्या त्या वहींत नव्वदांहून अधिक वेळां आमच्या वळणदार अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: ‘ठीक’. तें खोटेंही नव्हतें. टाकीवर कमाल व किमान अशा दोन रेघा असतात. त्यांच्या मध्यें तेल होतें, म्हणून ‘ठीक’. भांडें भरलेलें आहे एवढेंच आम्हीं पाहिलें. भांड्यांत काय भरलें आहे हें पाहिलें नाहीं. मोटारीबरोबर आलेलें माहितीपुस्तक कप्प्यांत वेष्टनासह तसेंच पडलें होतें. त्यांत स्पष्ट छापलें होतें कीं, ब्रेकचा हा द्रव दर दोन वर्षांनीं बदलावा. ज्यानें उभ्या आयुष्यांत मुलांस ‘पुस्तक उघडा’ एवढी आज्ञा हजारों वेळां केली, त्यानें स्वतःच पुस्तक उघडलें नव्हतें.

आतां हा पदार्थ काय आहे तें सांगतों. आम्ही संस्कृताचे शिक्षक, तेव्हां आरंभ शब्दापासूनच करणें आम्हांस सोयीचें. ‘द्रव’ हा शब्द ‘द्रु’ म्हणजे धांवणें या धातूपासून आला आहे. धांवत्या मोटारीस थांबविण्याचें काम मनुष्यानें एका धांवणाऱ्या पदार्थाकडे सोंपवावें, ही मौज खरी. पण तिच्या मुळाशीं पक्कें शास्त्र आहे. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा नियम सतराव्या शतकांत फ्रान्समधील ब्लेझ पास्कल यानें मांडला. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या पुढें सरकतो, त्याचा दाब बारीक नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जातो, आणि तेथील दट्टे पॅडांस डिस्कवर किंवा लायनरांस ड्रमवर दाबून धरतात. पूर्वीं हें काम सळया व तारा करीत. त्यांचा ताण चारी चाकांस सारखा राखणें मोठें जिकिरीचें असे. अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यानें १९१७ सालीं द्रवदाबाच्या ब्रेकचें पेटंट घेतलें, आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारींत चारी चाकांस असे ब्रेक बसले.

आरंभीच्या काळांत या नळ्यांत एरंडेल व अल्कोहोल यांचें मिश्रण घालीत. तेव्हां ‘तेल’ हें नांव अगदींच खोटें नव्हतें. आज मेकॅनिकापासून आमच्यापर्यंत सारे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण बहुतेक मोटारींत असतें तें तेल नव्हेच. ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून केलेला तो एक द्रव आहे, आणि डब्यावर ‘ब्रेक फ्लुइड’ असेंच छापलेलें असतें. ही केवळ शब्दाची चिकित्सा नव्हे. ‘तेल’ या नांवास भुलून कोणी त्या टाकींत इंजिनाचें तेल ओतील, तर आंतलीं रबरें फुगून निकामी होतील आणि सारा ब्रेक उलगडून बसवावा लागेल. नांवाच्या चुकीनें अर्थाचा अनर्थ होतो तो असा.

हा द्रव ओलावा शोषून घेतो. टाकीच्या झांकणाच्या बारीक श्वासछिद्रांतून व चाकांजवळच्या रबरी नळ्यांतून हवेंतील ओलावा वर्षानुवर्षें कणाकणानें आंत शिरतो. वाचक विचारतील कीं, मग ओलावा न शोषणारा द्रव कां वापरूं नये? तसाही एक आहे, तो सिलिकोनचा. परंतु त्यांत पाणी मिसळत नाहीं. आंत शिरलेला थेंब सखल जागीं, म्हणजे चाकापाशीं, सुटा साचतो. तेथें धातूस गंज चढवितो व १०० अंशांवरच उकळूं लागतो. ग्लायकॉलचा द्रव पाण्यास स्वतःमध्यें सामावून घेतो, म्हणून कांहीं काळ तरी तें बाधत नाहीं. हा त्याचा गुण आहे. मात्र गुणासही मर्यादा असते, आणि ती मर्यादा आंकड्यांनीं सांगतां येते.

डब्यावर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ असे शब्द असतात. ‘डॉट’ हीं अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें. त्या खात्याच्या नियमाप्रमाणें डॉट ३ चा कोरा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये, त्यांत ३.७ टक्के पाणी मुरलें असतां हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची मर्यादा कोरी असतां २३० व सादळल्यावर १५५, डॉट ५.१ ची २६० व १८०. नुसता ‘डॉट ५’ हा तो सिलिकोनचा. त्याचें व इतरांचें मिश्रण कदापि करूं नये. आपल्या मोटारीस कोणता चालतो तें टाकीच्या झांकणावर व माहितीपुस्तकांत दिलेलें असतें, तोच आणावा.

शेरभर दुधांत चमचाभर पाणी पडलें तर गवळ्यास कोणी बोलत नाहीं. येथें मात्र शंभरांत चार भागांहून कमी पाण्यानें पासष्ट ते ऐंशी अंशांचा फरक पडतो. लांब घाट उतरतांना पाय सतत ब्रेकवर राहिला तर डिस्कची उष्णता कित्येक शें अंशांवर जाऊं शकते. ती दट्ट्यांतून द्रवास पोंचते, सादळलेला द्रव उकळतो, आणि नळींत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा सारा जोर बुडबुडे दाबण्यांत खर्च होतो व चाकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हां द्रव होतो आणि पेडल घट्ट लागतें. कुंभार्ली घाटांतील आमच्या ‘नवलाचा’ उलगडा हा असा. चिरंजीवांनीं वरच्या गियरमध्यें ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरविला, ही चूक त्यांची. पण सादळलेला द्रव आठ वर्षें आंत ठेवला, ही चूक आमची, आणि ती मोठी.

चिपळुणास द्रव बदलून घेतला होता, तरी घाईंत झालेल्या त्या कामाविषयीं मनांत किंतु राहिला. शिवाय जें आम्हीं आठ वर्षें न समजतां ‘ठीक’ लिहिलें, तें एकदां आपल्या हातानें करून पाहावें असें वाटलें. आपला हात जगन्नाथ! वहिनींचे चिरंजीव यंत्रशास्त्राची पदविका घेऊन एका कारखान्यांत नोकरीस आहेत. ते सुटींत आल्यावर हें काम अंगणांत करण्याचें ठरलें. आरंभींच त्यांनीं बजावलें, “काका, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीं हात घालायचा नाहीं. स्टँड लावल्याशिवाय चाकही काढायचं नाहीं.” वाचकांनींही ही आज्ञा शिरोधार्य मानावी. सपाट व टणक जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या पुढेंमागें लाकडी ठोकळे, आणि मोटारीचा भार लोखंडी स्टँडवर, एवढें झाल्यावांचून पुढचें पाऊल नाहीं.

साहित्य थोडें लागतें. योग्य जातीच्या द्रवाचे अर्ध्या लिटरचे दोन सीलबंद डबे, चाकाजवळच्या निपलास बरोबर बसणारा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, एक कांचेची बाटली, मोठी पिचकारी, स्वच्छ कापडें व पाण्याची बादली. बादली अशासाठीं कीं, हा द्रव रंगाचा शत्रु आहे. मोटारीच्या रंगावर थेंब पडल्यास तत्काळ भरपूर पाण्यानें धुवावा. हातांत मोजे व डोळ्यांस चष्मा असावा.

प्रथम टाकीचें झांकण व भोंवतालची जागा पुसून घेतली, कारण आंत धूळ जाणें वाईट. मग पिचकारीनें वरचा जुना द्रव ओढून घेतला; तळाशीं थोडा राखला, म्हणजे नळींत हवा शिरत नाहीं. त्यावर नवा द्रव भरला. माहितीपुस्तकांत चाकांचा क्रम दिलेला असतो. आमच्या मोटारीस मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरचें, म्हणजे मागील डावें चाक पहिलें होतें. निपलावरील रबरी टोपी काढून पाना चढविला, नळीचें एक टोंक निपलावर घट्ट बसविलें, दुसरें बाटलींतील थोड्याशा नव्या द्रवांत बुडवून ठेवलें.

यापुढील काम दोघांचें आहे. एकट्यादुकट्यानें करण्याचें नव्हे. पेडलवर सूनबाई बसल्या, पाना आमच्या हातीं, आणि टाकींतील पातळीवर लक्ष ठेवण्यास नात. पुतण्यांनीं शब्द ठरवून दिले. आम्हीं ‘दाबा’ म्हणावें. सूनबाईंनीं पेडल दाबून ‘दाबलं’ म्हणावें व तसेंच धरून ठेवावें. मग आम्हीं निपल पाव फेरा सैल करावा. जुना द्रव नळींतून बाटलींत येतो व पेडल खालीं जातें. निपल पुन्हां आवळावा आणि मगच ‘सोडा’ म्हणावें. जुन्या मोटारीचें पेडल अगदीं तळापर्यंत जाऊं देऊं नये, आंतलीं रबरें दुखावतात. म्हणून त्याखालीं लाकडाचा एक तुकडा ठेवला होता. दर सहा-सात दाबांनंतर टाकींत नवा द्रव ओतावा. ती रिकामी झाली कीं हवा आंत शिरली, आणि सारें काम पहिल्यापासून.

दाबा, दाबलं, सोडा, सोडलं: हा पाठ अंगणांत बराच वेळ चालला. चहाच्या रंगाचे उरलेसुरले अवशेष येऊन पुढें मधासारखा स्वच्छ द्रव येऊं लागला. तिसऱ्या चाकाच्या वेळीं आमचें चित्त ढळलें. फाटकापाशीं कोणी हांक मारली, आणि निपल आवळण्यापूर्वींच आमच्या तोंडून ‘सोडा’ निघून गेलें. सूनबाईंनीं आज्ञेप्रमाणें पाय उचलला. टाकीपाशीं उभी असलेली नात वांकून नळीकडे पाहात होती, ती ओरडली, “आजोबा, बुडबुडा मागें गेला!” पेडल उचलतांच हवा आंत ओढली गेली होती. दोष शब्द देणाऱ्याचा; तो आम्हीं तेथेंच कबूल केला. पुढें बुडबुडे येणें थांबेपर्यंत त्या चाकाशीं पुन्हां पंधरा-वीस वेळां तोच पाठ करावा लागला.

चारी चाकें झाल्यावर निपल बेतानें आवळले. ते आंतून पोकळ असतात, जोर केल्यास तुटतात. टोप्या लावल्या, चाकें बसविलीं, त्यांचे नट जमिनीवर पुन्हां आवळून पाहिले. इंजिन चालू करून पेडल दाबून धरलें. तें घट्ट राहिलें, खालीं सरकलें नाहीं, कोठें थेंब दिसला नाहीं. मग चिरंजीवांनीं मोटार मनुष्याच्या चालीनें आळींत नेली व चार वेळां थांबवून पाहिली. सारें काम अडीच तासांचें. पेडल मऊ लागेल तर मोटार रस्त्यावर मुळींच नेऊं नये. अलीकडील मोटारींत चाक घसरूं न देणारी एबीएस नांवाची यंत्रणा असते; कांहीं मोटारींत तिच्यांतील हवा काढण्यास कारखान्याचें विशेष उपकरण लागतें. पुस्तकांत तसें लिहिलेलें असेल, किंवा हाताशीं जाणता मनुष्य नसेल, तर हें काम कारागिराकडूनच करवून घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. तारीख चुकविण्यांत आहे.

शेवटीं घरांत एक लहानसा वाद झाला. दुसऱ्या डब्यांत थोडा द्रव उरला होता. आमच्या सौभाग्यवतींनीं तो झांकण लावून फळीवर ठेवला, कारण या घरांत काडीही वायां जात नाहीं. पुतण्यांनीं तो काढावयास सांगितला. “एवढं कोरं तेल टाकायचं?” असा प्रश्न आला. तेव्हां वहिनीच म्हणाल्या, “अगं, उघडलेला डबा सादळणार नाहीं का? श्रावणांत पापडाचा डबा उघडा ठेवून चैत्रांत तळतेस का?” वाद तेथेंच मिटला. उघडलेला डबा पुढील खेपेस वापरूं नये, हा नियम यापेक्षां चांगल्या शब्दांत आम्हांस सांगतां आला नसता. जुना व उरलेला द्रव मात्र मोरींत किंवा झाडाच्या आळ्यांत ओतूं नये. तो विषारी आहे. बाटलींत भरून, लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवून, वापरलेलें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत नेऊन द्यावा. आम्हीं तसेंच केलें.

त्या रात्रीं आम्हीं वहींतील शेवटचा रकाना खोडून नवा आंखला. त्यांत आतां ‘ठीक’ असें लिहिण्यास जागाच ठेवली नाहीं. तेथें दोन तारखा लिहिल्या जातात: द्रव बदलल्याची व पुन्हां बदलण्याची. रंग पाहून अंदाज करण्यासही आम्हीं सोडलें, कारण रंग स्वच्छ असूनही द्रव सादळलेला असूं शकतो. मोटारीच्या पुढच्या कांचेखालीं सूनबाईंनीं एक चिठ्ठी लावली आहे: ‘ज्या गियरनें घाट चढाल, त्याच गियरनें उतरा.’

कार्तिकांत राहिलेला नवस फेडण्यास आम्ही पुन्हां गुहागरास गेलों. तोच घाट, तींच सात माणसें, तेंच सामान. सबंध उतार मोटार दुसऱ्या गियरमध्यें होती, ब्रेक लागेल तेव्हां लागत होता, आणि नातवंडें मागें भांडत होतीं. वैशाखांत जेथें चाक चरींत घातलें होतें ती जागा मागें गेली तेव्हां चिरंजीवांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. घाट संपला, चिपळूण आलें. सांगण्यासारखें कांहींही घडलें नाहीं.